गृहप्रकल्पांच्या निधी-प्रस्तावांची छाननी : पालिकेचा खर्च अर्जदाराकडून कसा वसूल करावा?

कोपरी_खाडी

नमस्कार. ठाणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेच्या गृहनिर्माण कक्षासाठी टिपणी तयार करायची आहे. कक्षाकडे तीन तऱ्हेचे प्रस्ताव येतात. पहिले, प्रधानमंत्री आवास योजनेच्या भागीदारी घटकाखाली (एएचपी) अनुदान मागणाऱ्या खासगी विकासकांचे. दुसरे, स्वयंपुनर्विकासाला (विकासकाशिवाय स्वतःच इमारत पुन्हा बांधायला) निघालेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे. त्यांना अधिमूल्यात (जादा बांधकामासाठी पालिकेला भरायच्या रकमेत) सवलत किंवा हप्ते हवे असतात आणि बँकेच्या कर्जासाठी पालिकेची पत्रे लागतात. तिसरे, पालिकेच्या भूखंडावरच्या प्रकल्पात तूट भरून काढण्यासाठी निधी मागणारे.

प्रत्येक प्रस्तावाचा डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) तपासायला कनिष्ठ अभियंत्यापासून लेखाधिकाऱ्यापर्यंत माणसे गुंततात. शिवाय बाहेरचे सीए, मूल्यांकनकार आणि शीर्षक-शोधासाठी (जमिनीच्या मालकीच्या तपासासाठी) वकील. हा सगळा खर्च आज पालिकेच्या सर्वसाधारण निधीतून जातो, म्हणजे ज्याचा त्या प्रकल्पाशी काडीचाही संबंध नाही तो करदाताही तो भरतो. लेखा विभागाची सूचना आहे की प्रकल्प खर्चाच्या अर्धा टक्का 'छाननी शुल्क' लावावे. विधी विभाग म्हणतो, असा अधिकारच नाही.

विचारायचे ते असे : शुल्काला कायद्याचा आधार कुठला घ्यावा? टक्केवारी, ठोक रक्कम की प्रत्यक्ष खर्च? प्रस्ताव फेटाळला तर पैसे परत करायचे का? आणि वीस-पंचवीस सदनिकांच्या संस्थेला हे परवडणार कसे?

---

पाचपाखाडी_विधी

विधी विभागाची शंका रास्त आहे, पण ती अर्धीच बरोबर आहे.

सुरुवात संविधानाच्या अनुच्छेद २६५ पासून करा. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही. शुल्क कराहून वेगळे कसे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणात सांगितले : शुल्क म्हणजे विशिष्ट सेवेचा मोबदला, आणि त्या रकमेचा त्या सेवेच्या खर्चाशी संबंध हवा. १९७९ च्या केवल कृष्ण पुरी निकालात हा संबंध बराच काटेकोर मागितला गेला. १९८३ च्या श्रीनिवास जनरल ट्रेडर्स निकालाने तो सैल केला : पै-पैचा हिशेब जुळायची गरज नाही, ढोबळ परस्परसंबंध पुरे. पण तो ढोबळ संबंध दाखवायचा भार वसूल करणाऱ्यावरच येतो, आणि तो दाखवायला कागद लागतो.

तुमच्या प्रकरणाला सगळ्यात जवळचा निकाल १९९२ चा, अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरण विरुद्ध शरदकुमार पासावाला. प्राधिकरणाने विकास शुल्क लावले होते. कायद्यात स्पष्ट तरतूद नसल्याने ते टिकले नाही. विकासाचे काम करायचा अधिकार आहे म्हणून त्यासाठी शुल्क घ्यायचा अधिकारही त्यातच आला, हा युक्तिवाद चालला नाही. लेखा विभागाची सूचना नेमकी याच जागी अडते.

आता आधार कुठे सापडतो ते पाहू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३८६(२) परवाना किंवा लेखी परवानगीसाठी शुल्क घेऊ देते. दर आयुक्त ठरवतात आणि महापालिका मंजूर करते. बांधकाम परवानगीचे छाननी शुल्क एमआरटीपी (प्रादेशिक व नगररचना अधिनियम) आणि यूडीसीपीआर (राज्याची एकत्रित विकास नियमावली) यांच्या चौकटीत येते, त्याला हात लावू नका. निधीच्या प्रस्तावावरची शिफारस मात्र परवानाही नाही आणि बांधकाम परवानगीही नाही. म्हणून ३८६(२) तिथे ओढूनताणून बसवू नये. कोणी आव्हान दिले तर पहिला घाव तिथेच बसेल.

त्यापेक्षा खर्चाचे दोन भाग वेगळे ठेवा :

अ) बाहेरच्या तज्ज्ञांचा प्रत्यक्ष खर्च. हा अर्जदाराशी लेखी 'खर्चभरपाई करार' करून घ्यावा. निधी मागणे ऐच्छिक आहे, मागितला नाही तरी अर्जदाराची बांधकाम परवानगी अडत नाही. म्हणूनच हा करार सक्तीची वसुली ठरत नाही. ही ऐच्छिकता खरी असली पाहिजे. निधी-छाननीचे पैसे भरले नाहीत म्हणून त्याच अर्जदाराचा नकाशा किंवा भोगवटा दाखला रोखला, तर कराराचा सगळा पाया ढासळतो.

आ) कर्मचाऱ्यांच्या वेळेचा खर्च. यासाठी महासभेचा ठराव हवा (प्रशासक असतील तर प्रशासकीय ठराव), त्यासोबत दर कसा काढला याचा तक्ता, आणि शुल्क कायमस्वरूपी ठेवायचे असेल तर उपविधी. उपविधीला शासनाची मान्यता लागते, वेळ जातो. तोवर फक्त 'अ' वसूल करावा असे माझे स्पष्ट मत आहे. 'आ'चे थोडे पैसे बुडतील. पण व्याजासह परताव्याचा आदेश आला तर त्याहून जास्त जातील.

अर्धा टक्का विसरा.

---

वागळे_लेखा

वरच्या उत्तराला आकड्यांची जोड देतो. टक्केवारी का टिकत नाही ते एका नमुन्यावरून पाहा. आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमच्या आस्थापनेचे घाला.

आधी तासाचा दर. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून शनिवार-रविवार १०४, सार्वजनिक सुट्ट्या साधारण २४, किरकोळ आणि अर्जित रजा मिळून २७ धरा. उरले २१० दिवस. आठ तासांच्या दिवसातला एक तास बैठका, टपाल, प्रशिक्षणात जातो, सात उरले. म्हणजे वर्षाला १,४७० उत्पादक तास. कनिष्ठ अभियंत्यावरचा वार्षिक खर्च १०,२९,००० रुपये असेल तर तासाचा दर ७०० रुपये. वार्षिक खर्चात मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, निवृत्तिवेतनातला पालिकेचा हिस्सा आणि वैद्यकीय प्रतिपूर्ती घ्यायची. फक्त मूळ वेतनावर भागाकार केला की दर निम्म्यावर येतो, आणि ही गफलत प्रस्तावांत वारंवार दिसते.

उलट बाजूची गफलतही आहे. बैठकांचा तास उत्पादक तासांतून एकदा वजा केला, तर तोच वेळ पुन्हा 'प्रशासकीय भार' म्हणून चढवायचा नाही. भारात वीज, जागा, संगणक, अभिलेख आणि कक्षाचे लिपिक एवढेच घ्या.

आता २५० सदनिकांचा, ६० कोटींचा एक प्रस्ताव :

कनिष्ठ अभियंता १६ तास × ७०० = ११,२००
उपअभियंता १० तास × १,००० = १०,०००
लेखाधिकारी १२ तास × ९०० = १०,८००
विधी अधिकारी ८ तास × १,००० = ८,०००
वरिष्ठ अधिकारी ४ तास × १,६०० = ६,४००
बेरीज ४६,४००, त्यावर २० टक्के भार ९,२८०, एकूण ५५,६८० रुपये.

बाहेरचे : सीए ७५,०००, मूल्यांकनकार ४०,०००, वकील ३५,०००, म्हणजे १,५०,०००. सगळे मिळून २,०५,६८० रुपये.

अर्धा टक्का म्हणजे ३० लाख. खर्चाच्या जवळपास पंधरा पट. एक दशांश टक्का केला तरी ६ लाख, जवळपास तिप्पट. पाचपाखाडी सर म्हणतात तो 'ढोबळ संबंध' कितीही ढोबळ धरला तरी इथे बसत नाही. मूळ अडचण अशी की छाननीचा वेळ प्रकल्पाच्या किमतीवर अवलंबूनच नसतो. तो अवलंबून असतो शीर्षक किती गुंतागुंतीचे आहे, निधीचे स्रोत किती, डीपीआर किती कच्चा आहे यावर. एकाच सातबाऱ्यावरचा १०० कोटींचा प्रकल्प चार हिस्सेदारांच्या १५ कोटींच्या प्रकल्पापेक्षा लवकर तपासून होतो.

म्हणून अनामत पद्धत. अर्जासोबत १०,००० रुपये ठोक, ना-परतावा : यात फक्त कागदपत्रांची पूर्णता तपासायची. प्रस्ताव पूर्ण असेल तर अंदाजपत्रक अर्जदाराला द्यायचे आणि त्याप्रमाणे अनामत घ्यायची. वरच्या नमुन्यात २,५०,०००. काम होईल तसे त्यातून वजा करायचे. शिल्लक अनामतीच्या २० टक्क्यांवर, म्हणजे ५०,००० वर आली की भर मागायची. भर येईपर्यंत काम थांबते, पण नस्ती (फाइल) बंद होत नाही. शेवटी ४४,३२० रुपये परत.

लेखाशीर्षाकडे लक्ष द्या. अनामत हे उत्पन्न नव्हे, दायित्व आहे. ती 'इतर ठेवी'त जमा व्हावी आणि ज्या महिन्यात काम झाले त्या महिन्यात तेवढीच रक्कम उत्पन्नाकडे वर्ग व्हावी. आल्या दिवशीच उत्पन्नात धरली की वर्षअखेरीस उत्पन्न फुगते, परताव्याला तरतूद उरत नाही आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेत आक्षेप येतो. प्रत्येक प्रस्तावाला स्वतंत्र उपखाते हवे. एका विकासकाच्या अनामतीतून दुसऱ्याच्या वकिलाचे देयक भागवणे ही किरकोळ तडजोड वाटते, पण न्यायालयात हिशेब दाखवायची वेळ आली की तीच गळ्याशी येते.

---

वाशी_सेक्टर९

संस्थांच्या बाजूने थोडे.

स्वयंपुनर्विकासाचा १३ सप्टेंबर २०१९ चा शासन निर्णय संस्थांना स्वस्तात आणि झटपट परवानग्या मिळाव्यात यासाठी होता. नवी मुंबईत सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतींच्या संस्थांना आधीच तीन खिडक्यांवर पैसे मोजावे लागतात : जमीन भाडेपट्ट्याची म्हणून सिडकोचे ना-हरकत प्रमाणपत्र, महापालिकेची बांधकाम परवानगी, आणि सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणे नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराची फी. बँकही तिची प्रक्रिया फी घेतेच. त्यावर चौथी छाननी येणार असेल, तर आधी एवढेच तपासा की तेच काम कोणी केलेले आहे का. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल ताजा असेल तर पालिकेने नवा वकील नेमायची गरज नाही. आहे तो अहवाल विधी अधिकाऱ्याने वाचावा, दोन तासांत होतो. मूल्यांकनाचेही तसेच.

लहान संस्थांना माफी जरूर द्या, पण ती कुठून द्यायची हे ठरावात लिहा. माफीचा बोजा मोठ्या विकासकांच्या दरात घुसवला की तो दर त्यांच्या सेवेचा मोबदला राहत नाही, आणि मग त्यांचेही शुल्क टिकत नाही. माफी सर्वसाधारण निधीतून, स्वतंत्र तरतूद करूनच. पालिकेला जे धोरण म्हणून हवे आहे त्याचा खर्च पालिकेनेच सोसायचा.

लाभार्थ्याकडून तर एक रुपयाही नको. आवास योजनेत वैयक्तिक अर्ज भरणाऱ्या कुटुंबावर प्रकल्प-छाननीचा खर्च कुठल्याही नावाने उतरता कामा नये. विकासकाच्या विक्रीकरारात 'पालिका छाननी खर्च' अशी वेगळी ओळ दिसली तर ती काढायला लावायची तरतूद खर्चभरपाई करारातच असावी.

---

कोपरी_खाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्धा टक्का टिपणीतून काढला. दोन गोष्टी अजून अडतात. जीएसटी लागेल का? आणि आवास योजनेच्या निधीतून नेमलेले तज्ज्ञ कक्षात आहेत, त्यांचे तास धरायचे का? बाहेरच्या देशांत ही वसुली कशी करतात, याचाही एखादा परिच्छेद वरिष्ठांना हवा आहे.

---

सीए_घोडबंदर

तज्ज्ञांचे तास धरू नका. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत योजनेच्या निधीपैकी ५ टक्के हिस्सा क्षमतावृद्धी, प्रसार आणि प्रशासकीय खर्चासाठी राखलेला होता, आणि शहरस्तरीय तांत्रिक कक्षातल्या तज्ज्ञांचे मानधन त्यातून जाई. तोच तास अर्जदाराला लावणे म्हणजे एका कामाचे दोनदा पैसे. त्यांची वेळ नोंदवा जरूर, दर मात्र शून्य. तज्ज्ञाचे मानधन पालिका स्वतःच्या निधीतून देत असेल तर गोष्ट वेगळी.

आता जीएसटी. पालिका सार्वजनिक प्राधिकरण म्हणून संविधानाच्या अनुच्छेद २४३-डब्ल्यू (नागरी स्थानिक संस्थांचे अधिकार आणि कामे) खालचे काम करते तेव्हा ते करपात्र पुरवठा धरले जात नाही. प्रश्न असा की निधी-प्रस्तावाची छाननी हे २४३-डब्ल्यू खालचे काम आहे का? बाराव्या अनुसूचीतल्या (या कामांच्या यादीतल्या) अठरा नोंदी वाचा. नगररचना आहे, इमारत बांधकामाचे नियमन आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, नागरी दारिद्र्य निर्मूलन आहे. 'गृहनिर्माण' अशी नोंद नाही. ग्रामीण गृहनिर्माण अकराव्या अनुसूचीत, पंचायतींकडे आहे. म्हणून झोपडपट्टी पुनर्वसन आणि दुर्बल घटकांच्या घरांचे प्रस्ताव नीट बसतात. मध्यमवर्गीय संस्थेच्या कर्जासाठीचे पत्र तितके सहज बसत नाही. दर ठरवण्यापूर्वी लेखी करसल्ला घ्या आणि करारात 'लागू असल्यास कर अतिरिक्त' हे वाक्य घाला. ते राहिले तर मागाहून आलेला कर पालिकेला पदरचा भरावा लागेल.

बाहेरच्या तज्ज्ञांच्या देयकावर दोन बारकावे. निखळ सेवा (ज्यात माल नाही) २४३-डब्ल्यू च्या कामासाठी महापालिकेला दिली तर ती करमुक्त आहे. हीच सवलत १ जानेवारी २०२२ पासून शासकीय प्राधिकरणांना आणि शासकीय संस्थांना उरलेली नाही. त्यामुळे एखाद्या प्राधिकरणाचा नमुना समोर ठेवून अंदाजपत्रक करू नका. त्यात सल्लागाराच्या फीवर १८ टक्के येतील, तुमच्याकडे कदाचित येणार नाहीत, आणि ते चढवले तर अर्जदाराकडून जादा घेतल्यासारखे होईल.

दुसरा बारकावा जास्त फसवा आहे. अनेक जण सुचवतात की पालिका अर्जदाराची 'प्युअर एजंट' (त्याच्या वतीने फक्त पैसे पुढे देणारी) आहे असे दाखवा, म्हणजे वसूल केलेली सल्लागार फी करमूल्यातून वगळता येईल. जीएसटीचा नियम ३३ नीट वाचा : त्यासाठी ती सेवा मुळात अर्जदाराला मिळालेली असावी लागते. इथे सीए आणि वकील पालिकेसाठी काम करतात, त्यांचा अहवाल पालिकेला मिळतो, आणि छाननी निःपक्ष राहायची तर तसेच असले पाहिजे. म्हणून हा मार्ग लागू पडत नाही. कर वाचवण्यासाठी वकिलाला अर्जदाराचा वकील करून टाकलात तर छाननीच निरर्थक होते.

---

बेलापूर_नगररचना

परदेशाचा परिच्छेद थोडक्यात. अमेरिकेत भाड्याच्या परवडणाऱ्या घरांसाठी शहर किंवा काउंटी करमुक्त रोखे काढून पैसा विकासकाकडे वळवते. परतफेड विकासक करतो, शहर फक्त नाममात्र कर्जदार. पण त्याआधी शहराचा वकील, आर्थिक सल्लागार आणि कर्मचारी कामाला लागतात, शिवाय १९८२ च्या टेफ्रा या करकायद्याप्रमाणे जाहीर सुनावणी घ्यावी लागते. नोटिशीची मुदत पूर्वी १४ दिवस धरली जाई, २०१९ पासून ७ दिवस. म्हणून अनेक शहरे अर्जासोबतच अनामत आणि खर्चभरपाईचे हमीपत्र घेतात. रोखे निघाले नाहीत तरी झालेला खर्च अर्जदाराला परत मिळत नाही. कॅलिफोर्नियात २०१० च्या प्रपोझिशन २६ नंतर शुल्क सेवेच्या वाजवी खर्चापेक्षा जास्त असेल तर ते कर मानले जाऊ शकते, आणि तसे नाही हे सिद्ध करायचा भार शासनावर येतो. आपल्याकडच्या निकालांशी तुलना वरिष्ठांना आवडेल, पण ठरावात आधार म्हणून घालू नका. तिथली राज्यघटना इथे कामाची नाही.

आता करारातली कलमे. किमान ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, आणि यात हे असावेच :

१. सल्लागार पालिकेने तिच्या पॅनेलमधून फिरत्या क्रमाने नेमायचे. अर्जदाराने नाव सुचवायचे नाही, थेट पैसे द्यायचे नाहीत, पालिकेच्या अधिकाऱ्याशिवाय भेटायचेही नाही. त्याच अर्जदाराचे काम मागच्या तीन वर्षांत केलेले नाही असे प्रतिज्ञापत्र सल्लागाराकडून.
२. पैसे भरल्याने मंजुरीचे आश्वासन मिळत नाही, हे ठळक अक्षरात आणि अर्जदाराच्या स्वतंत्र सहीने.
३. मंजुरीवर अवलंबून कोणतीही फी नाही. मंजूर झाला तरच पैसे, नामंजूर झाला तर माफ, अशी रचना दयाळू वाटते. पण त्यात प्रस्ताव मंजूर होण्यात कक्षाचाच आर्थिक फायदा तयार होतो. फेटाळलेल्या प्रस्तावालाही तेवढेच तास लागतात, किंबहुना कारणे लिहावी लागतात म्हणून जास्त.
४. अर्जदाराने माघार घेतली तर त्या तारखेपर्यंतचा खर्च वजा करून ३० दिवसांत परतावा.
५. अंदाजाच्या वर १० टक्क्यांहून जास्त खर्च जाणार असेल तर आधी लेखी कळवायचे आणि कारण द्यायचे.
६. दर महिन्याला हिशेबपत्रक : कोणी, किती तास, कशासाठी.

सहावे कलम अर्जदारासाठी जितके आहे तितकेच पालिकेसाठीही. 'नस्ती तपासली, ६ तास' अशी नोंद कोणालाच पटत नाही. 'राज्य दरसूचीशी पायाच्या कामाचे दर पडताळले, दोन बाबींत तफावत, पत्र पाठवले, अडीच तास' अशी नोंद कोणी नाकारत नाही.

---

कोपरी_खाडी

कलम ३ बद्दल वरिष्ठांचा विरोध होईल असे दिसते. 'फेटाळलेल्याकडून पैसे घेतले तर ओरड होईल' हे ठरलेले उत्तर. आणि डीपीआर दुरुस्त करून पुन्हा आला तर पुन्हा पूर्ण अनामत घ्यायची का?

---

वागळे_लेखा

ओरड होते ती उशिरा नकार दिल्यामुळे. म्हणून छाननीला मध्ये एक फाटा ठेवा. पूर्णता तपासल्यावर लगेच, बाहेरचा एकही तज्ज्ञ न लावता, अपात्र ठरवणाऱ्या गोष्टी बघायच्या : जमिनीवर अर्जदाराचा हक्क आहे का, आरक्षण किंवा सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) अडचण आहे का (खाडीकाठच्या आपल्या शहरांत ही हमखास निघते), एएचपी असेल तर किमान २५० घरे आणि त्यात ३५ टक्के दुर्बल घटकांची ही २०१५ ची अट किंवा त्यानंतरच्या सूचनांतली लागू असलेली अट पुरी होते का, आणि खर्चाच्या बाजूचे पैसे येण्याच्या बाजूशी जुळतात का. हे उपअभियंता आणि लेखाधिकारी मिळून एका दिवसात करतात. इथेच नकार गेला तर अर्जदाराचे १०,००० गेले, अडीच लाख वाचले. पुढे जाणाऱ्याला काय धोका आहे ते एका पानावर लिहून द्या. त्यावर सही करून जो अनामत भरतो तो सहसा नंतर तक्रार घेऊन येत नाही.

दुरुस्त प्रस्ताव सहा महिन्यांच्या आत आला तर नवीन अनामत नको. जुने उपखाते चालू ठेवा आणि फक्त बदललेल्या भागाचे तास लावा. त्यासाठी अर्जदाराकडून बदलांचा तक्ता मागा : पान क्रमांक, जुने, नवे, कारण. तक्ता नसेल तर सगळा डीपीआर पुन्हा वाचावा लागतो आणि त्याचे पूर्ण तास लागतात, हे स्वीकृती-पत्रातच लिहून ठेवा. सहा महिन्यांनंतर आला तर दरसूची, व्याजदर आणि मूल्यांकन जुने झालेले असतात, तेव्हा नवीन अंदाज.

अनुदानाचे हप्ते सोडताना होणाऱ्या पाहणीचा खर्च मात्र या अनामतीत मिसळू नका. आवास योजनेत हप्ते ४०:४०:२० असे धरलेले होते. प्रत्येक टप्प्यावर स्थळपाहणी आणि छायाचित्रांची पडताळणी येते, ते काम दोन-तीन वर्षे चालते आणि करताना माणसेही बदललेली असतात. त्याला स्वतंत्र अंदाज, स्वतंत्र उपखाते, आणि तो खर्च योजनेच्या प्रशासकीय निधीतून भागतो का हे आधी नोडल यंत्रणेला पत्राने विचारा. उत्तर येईपर्यंत ठरावात त्या रकान्यापुढे दर लिहू नका.

---

पाचपाखाडी_विधी

एक भर. ठरावासोबत दराचा तक्ता संकेतस्थळावर टाका आणि दर वर्षी एप्रिलमध्ये खऱ्या तासांशी ताडून बघा. मागच्या वर्षी वसुली खर्चापेक्षा जास्त झाली असेल तर दर खाली आणा आणि तसे ठरावात नमूद करा. माहिती अधिकाराच्या कलम ४ खाली ही माहिती स्वतःहून द्यायचीच आहे. तासांच्या नोंदी निदान लेखापरीक्षण पूर्ण होऊन आक्षेप निकाली निघेपर्यंत, आणि कोणी न्यायालयात गेले असेल तर निकालापर्यंत, नष्ट करू नयेत. कराराची एक मूळ प्रत लेखा विभागात असू द्या, नस्तीत फक्त छायाप्रत.